चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना 'मॅकबेथ': सुरुवात कुठून करावी?

खडूफळा

वर्ग चाळीस मुलांचा, वय चौदा-पंधरा. शेक्सपिअर यापूर्वी कुणीही वाचलेला नाही. चाळीस मिनिटांच्या आठ तासिका आहेत. संहिता मूळ इंग्रजी, चर्चा मराठीतून. रंगमंच नाही, बाकं भिंतीला लावली की मधे मोकळी जागा होते, तेवढीच.

'मॅकबेथ' (चेटकिणींचं भाकीत ऐकून आणि बायकोच्या भरीने एक स्कॉटिश सरदार राजाचा खून करून गादीवर बसतो, ती गोष्ट) घ्यायचं एक कारण लांबी. शेक्सपिअरच्या शोकांतिकांत ही सगळ्यांत छोटी, 'हॅम्लेट'च्या जवळपास निम्मी. तरी आठ तासिकांत सगळं वाचून होणार नाही, हे उघड आहे.

म्हणून विचारतो: सुरुवात कशाने करावी? त्या काळाच्या माहितीने, गोष्ट सांगून, की थेट चेटकिणींपासून? कोणते प्रवेश पूर्ण वाचावेत आणि कोणते गाळले तर चालतील? आणि सगळ्यांत मोठी अडचण ही की दुसऱ्याच दिवशी मुलांच्या वहीत 'अति महत्त्वाकांक्षा वाईट' हे वाक्य उतरतं. एकदा ते उतरलं की पुढचे चार अंक वाचायचं कारणच उरत नाही. यावर उपाय काय?

विंगेतून

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

ते वाक्य वहीत उतरतं, कारण पहिल्या दिवशी फळ्यावर 'विषय: महत्त्वाकांक्षा' असं लिहिलेलं असतं. मुलांच्या लेखी उत्तर मिळालेलं असतं, आता फक्त उदाहरणं गोळा करायची. प्रत्यक्षात 'अँबिशन' हा शब्द अख्ख्या संहितेत तीनदाच येतो. मॅकबेथचं पत्र वाचून झाल्यावर त्याची बायको लेडी मॅकबेथ तो नवऱ्याबद्दल वापरते (१.५, म्हणजे पहिला अंक, पाचवा प्रवेश, पुढेही असंच लिहितो). मॅकबेथ स्वतःबद्दल वापरतो (१.७). आणि खुनानंतर रॉस हा सरदार राजपुत्रांबद्दल वापरतो (२.४), म्हणजे ज्यांनी काही केलेलंच नाही त्यांच्याबद्दल. पहिल्या चार तासिका हा शब्द वर्गात काढूच नका. भिंतीवर मोठ्या अक्षरांत एकच प्रश्न लावा: हा माणूस खून करायचं नेमकं कधी ठरवतो?

शेवट आधीच ठाऊक असलेली दोन-चार मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांनाही हे 'कधी' ठाऊक नसतं, त्यामुळे या प्रश्नापुढे सगळे एका रेषेत उभे राहतात.

पहिल्या तासिकेत ना काळाची माहिती, ना कथानक. १.१ जेमतेम डझनभर ओळींचा आहे. वर्गाचे तीन गट करून तीन भिंतींपाशी उभे करा आणि प्रत्येक गटाला एक चेटकीण द्या. एकदा कुजबुजत, एकदा ओरडून, एकदा डोळे मिटून. दहा मिनिटं पुरतात. अर्थ सांगू नका. 'चांगलं ते वाईट आणि वाईट ते चांगलं' एवढी एकच ओळ मराठीत सांगा.

१.२ वाचू नका, पण त्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका: कॉडॉरचा सरदार फितूर निघाला, त्याला देहान्ताची शिक्षा झाली आणि त्याची सरदारकी राजाने मॅकबेथला दिली. मॅकबेथला हे अजून कळलेलं नाही. हे राहून गेलं की १.३ जादूची गोष्ट होऊन बसते.

मग १.३ मधल्या चेटकिणींच्या तीन ललकाऱ्या. ग्लॅमिसचा सरदार, कॉडॉरचा सरदार, पुढे राजा होणारा. मुलांना विचारा, यातली भाकितं किती? बहुतेक जण तीन म्हणतात. ग्लॅमिस तर तो आधीपासूनच आहे. कॉडॉर त्याला दिलं गेलंय, निरोप वाटेत आहे. म्हणजे भाकीत एकच. आणि खून कर असं त्यांनी म्हटलंय का? संहितेत शोधायला लावा, नाही सापडत. याच जागी मॅकबेथचा सोबती सरदार बँको विचारतो की इतकी चांगली बातमी ऐकून तू दचकलास का? तासिका इथेच थांबवा. का दचकला असेल, हे घरून एका वाक्यात लिहून आणायचं.

दुसऱ्या तासिकेत आलेख. आडव्या रेषेवर सात थांबे, उभ्या रेषेवर शून्य ते दहा: 'खुनाची तयारी किती?'

१. बँको विचारतो तो दचका (१.३)
२. 'नशिबात असेल तर मी काही न करताही राजा होईन' (१.३)
३. राजा थोरल्या मुलाला वारस जाहीर करतो, त्यानंतरचं 'ताऱ्यांनो, आपला उजेड झाका' (१.४)
४. बायकोला दिलेलं अर्धवट उत्तर, 'पुढे बोलू' (१.५)
५. 'या कामात आता पुढे जायचं नाही' (१.७)
६. 'ठरलं' (१.७)
७. खंजीर आणि घंटा (२.१)

प्रत्येक बिंदूखाली संहितेतले तीन ते पाच शब्द लिहिलेच पाहिजेत, नाहीतर तो बिंदू धरायचा नाही. ही अट ढिली केली की सगळे सरळ चढती रेघ काढतात. अट पाळली तर रेघ वर जाते, खाली येते, पाचव्या थांब्यावर जवळजवळ शून्याला टेकते आणि नंतर जेमतेम पन्नास ओळींत वर उसळते. त्या पन्नास ओळींत काय झालं, हा तिसऱ्या आणि चौथ्या तासिकेचा विषय. १.७ ला पूर्ण दोन तासिका द्या. काही कापावंच लागलं तर दुसरीकडे कापा, इथे नको.

१.७ चं सुरुवातीचं स्वगत अठ्ठावीस ओळींचं आहे. एकेक ओळ एकेकाने वाचायची पद्धत इथे हमखास फसते, कारण वाक्य ओळीच्या मधेच संपतं आणि पुढचं तिथूनच सुरू होतं. ओळीनुसार वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला अर्थाचे तुकडे येतात. विरामचिन्हानुसार वाटा. त्याहून चांगलं म्हणजे चालत वाचायला लावा: स्वल्पविराम आला की दिशा बदलायची, पूर्णविराम आला की थांबायचं. चार-पाच जण मोकळ्या जागेत, बाकीचे बघणारे. पहिल्या सात-आठ ओळींतच चालणारा इतक्यांदा वळतो की माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते समजावून सांगावं लागत नाही. मात्र सगळ्यांकडे एकाच आवृत्तीची प्रत हवी. विरामचिन्हं संपादकागणिक बदलतात. दोन आवृत्त्या मिसळल्या की हा खेळ मोडतो.

त्यानंतर त्या स्वगतातली कारणं मोजायला लावा. खून न करण्याची कारणं: मी त्याचा नातलग, त्याचा प्रजाजन, आज त्याचा यजमान, तो राजा म्हणून सौम्य आणि निष्कलंक, आपण जो धडा घालून देऊ तो आपल्यावरच उलटेल. करण्याचं कारण: एकच, आणि तेही घोड्यावर उडी मारायला जाऊन पलीकडे कोसळणाऱ्या माणसाच्या रूपात. पाचाला एक. म्हणजे विचार करून त्याने नकार दिला होता. हे मुलांच्या लक्षात आलं की 'मॅकबेथ वाईट माणूस होता' हे उत्तर आपोआप बाद होतं.

मग लेडी मॅकबेथचे मुद्दे. भित्रा आहेस, तुझं प्रेमही असलंच समजू का, हे करायला धजावला होतास तेव्हा पुरुष होतास, मी शब्द दिला असता तर पदरच्या पोराचाही जीव घेतला असता, आणि शेवटी प्रत्यक्ष बेत, पहारेकऱ्यांना दारू पाजायचा. पहिले चार ऐकून मॅकबेथ जे विचारतो तिकडे मुलांचं लक्ष वेधा: 'फसलो तर?' काही क्षणांपूर्वी प्रश्न होता, हे योग्य आहे का. आता प्रश्न उरला, हे जमेल का. कलाटणी तिथे आहे, 'ठरलं' या शब्दात नाही. वर्गातल्या कुणीतरी हे आपणहून पकडेपर्यंत वाट बघा, सांगून टाकू नका.

उरलेल्या चार तासिका: पाचवीत २.१ मधलं खंजिराचं स्वगत आणि २.२, सहावीत ३.४ ची मेजवानी, सातवीत ४.१ मधली तीन भाकितं, ४.२ आणि ४.३ चा शेवट, आठवीत ५.१ आणि ५.५. गाळायचे: ३.५ (हा चेटकिणींची देवी हेकटी हिचा प्रवेश शेक्सपिअरचा नसून त्याच काळातला नाटककार मिडल्टन याच्या हातचा असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात), ३.६, ४.३ चा लांबलचक पहिला भाग, आणि पाचव्या अंकातले सैन्याच्या हालचालींचे छोटे प्रवेश. यांचा सारांश दोन-दोन वाक्यांत तोंडी सांगा.

अनुष्टुभ

वरची मांडणी पटली. भाषेबद्दल दोन-तीन गोष्टी घालतो, कारण वर्ग बहुधा तिथे अडतो.

छंद शिकवताना 'आयँबिक पेंटामीटर' हा शब्द शेवटी सांगा, आधी पाय वाजवायला लावा. मॅकबेथच्या तोंडची पहिलीच ओळ घ्या: 'सो फाउल अँड फेअर अ डे आय हॅव नॉट सीन'. दहा अक्षरं, पाच ठोके, ठोका दर दुसऱ्या अक्षरावर. मराठी वृत्तं शिकलेली मुलं इथे एक ठरावीक चूक करतात: लघु-गुरु लावतात. आपल्याकडे गुरु म्हणजे उच्चाराला लागणारा वेळ. इंग्रजीत मोजायचा तो आघात. 'सो' दीर्घ आहे म्हणून त्यावर ठोका देतात आणि पुढची सगळी ओळ कोलमडते. 'मात्रा मोजू नका, जोर कुठे पडतो ते ऐका' एवढं आधीच सांगितलं तर पाच मिनिटांत सुटतं.

लगेच चेटकिणींची ओळ: 'फेअर इज फाउल अँड फाउल इज फेअर'. इथे ठोका पहिल्याच अक्षरावर आणि ठोके चारच. अर्ध्या वर्गाने चेटकिणींचा ठेका धरायचा, अर्ध्याने मॅकबेथचा. दोन जगांची चाल वेगळी आहे हे पायांना कळतं. आणि गंमत म्हणजे मॅकबेथ अजून चेटकिणींना भेटलेलाही नाही, तरी पहिल्या वाक्यात त्यांचेच दोन शब्द त्याच्या तोंडी आहेत. ही गोष्ट मुलं स्वतः शोधतात आणि फार खूश होतात.

दुसरं, 'तू' आणि 'तुम्ही'. मराठी मुलांना हा भेद शिकवावा लागत नाही, तो अंगात मुरलेला असतो. इंग्रजीत त्या काळी 'दाउ' आणि 'यू' असे दोन पर्याय होते. १.७ मध्ये लेडी मॅकबेथ नवऱ्याला 'यू' म्हणत सुरुवात करते, भित्रेपणाचा टोमणा मारताना 'दाउ'वर येते आणि 'तेव्हा तू पुरुष होतास' म्हणताना पुन्हा 'यू'वर जाते. या वीसेक ओळी जोड्याजोड्यांनी मराठीत करायला द्या, अट एकच: ती त्याला काय म्हणते ते ठरवायचं आणि बदललं तर का बदललं ते समासात लिहायचं. 'अहो' म्हणणारी लेडी मॅकबेथ, 'तू' म्हणणारी आणि 'सरदार' म्हणणारी, या तीन वेगळ्या बायका होतात. तिच्या टोमण्याला मराठीत तयार शब्दप्रयोग आहे, 'बांगड्या भरल्यात का?' कुणीतरी तो लिहितंच. लिहू द्या आणि मग विचारा, पुरुष म्हणजे काय याची तिची व्याख्या आणि त्याची व्याख्या ('माणसाला शोभेल ते सगळं मी करीन, त्यापलीकडे जाणारा माणूसच नव्हे') यात फरक काय? हा धागा पुढे नेता येतो: ३.१ मध्ये मॅकबेथ मारेकऱ्यांना नेमकं हेच म्हणतो, तुम्ही पुरुष आहात की नुसते यादीपुरते? बायकोचं हत्यार तो शिकला. आणि ४.३ मध्ये, मॅकबेथने ज्याची बायकामुलं मारवली त्या मॅकडफला कुणी म्हणतं, पुरुषासारखा सामना कर, तेव्हा तो म्हणतो, करीन, पण पुरुषासारखं मला हे दुःख भोगलंही पाहिजे. तीन प्रवेश, एकच शब्द. एवढ्यावर एक चांगला निबंध उभा राहतो.

तिसरं, 'महत्त्वाकांक्षा' हा मराठी शब्दच फसवा आहे. आपल्याकडे तो कौतुकाचा: मुलांना सतत सांगितलं जातं की महत्त्वाकांक्षी व्हा. मग एक दिवस तोच शब्द शोकांतिकेचं कारण म्हणून समोर येतो आणि मुलं गोंधळतात, किंवा गोंधळ टाळायला 'अति' लावून मोकळी होतात. पाचव्या-सहाव्या तासिकेला फळ्यावर आकांक्षा, महत्त्वाकांक्षा, लालसा, हाव, ईर्ष्या असे पाच शब्द लिहा आणि वर सांगितलेल्या पहिल्या दोन जागी कोणता बसतो ते ठरवायला लावा. १.५ ला वेगळा शब्द लागतो, १.७ ला वेगळा. लेडी मॅकबेथची तक्रारच अशी आहे की त्याच्यात ती आहे, पण तिच्याबरोबर लागणारा दुष्टपणा नाही.

मराठी रूपांतरं आहेत. शि. म. परांजप्यांचं 'मानाजीराव' आहे, वि. वा. शिरवाडकरांचं 'राजमुकुट' आहे. ती मूळ प्रवेश वाचून झाल्यावर तुलनेला काढा. आधी दिली तर मुलं इंग्रजी पानाकडे वळत नाहीत.

टिपणवही

काळाची माहिती अजिबात नको, हे मला मान्य नाही. एक गोष्ट सांगितली नाही तर १.४ कळतच नाही. जुन्या स्कॉटलंडमध्ये राजाचा थोरला मुलगा आपोआप राजा होत नसे. राजघराण्यातल्या पात्र माणसांतून वारस ठरत असे. म्हणून राजा डंकन जेव्हा थोरल्या मुलाला, माल्कमला, कंबरलंडचा राजपुत्र जाहीर करतो, तेव्हा मॅकबेथसमोरची खरोखरची वाट बंद होते. मुलं विचारतात, 'राजाला मुलगे असताना मॅकबेथला राजा व्हायची आशा होतीच कशी?' हे त्याचं उत्तर. पाच मिनिटं, आणि बरोबर थांबा क्रमांक तीनच्या आधी.

दुसरी माहिती ४.१ च्या वेळी. नाटक १६०६ च्या सुमाराचं. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला होता, तो स्वतःला बँकोचा वंशज मानत असे आणि १५९७ मध्ये त्याने चेटूकविद्येवर पुस्तकही लिहिलं होतं. १६०५ च्या नोव्हेंबरात त्याला पार्लमेंटसकट दारूगोळ्याने उडवायचा कट उघडकीला आला. चेटकिणी मॅकबेथला दाखवतात ती बँकोच्या वंशातल्या आठ राजांची मिरवणूक कुणासाठी होती, ते यावरून कळतं. याहून जास्त इतिहास या वयाला नाटकाच्या आड येतो.

खरा मॅकबेथ १०४० ते १०५७ असा सतरा वर्षं राजा होता आणि डंकन लढाईत मारला गेला, अंथरुणात नव्हे. हे अगदी शेवटी सांगा. नाटककाराने काय बदललं आणि का, ही चर्चा तेव्हाच रंगते.

'शापित नाटक' हा विषय मुलं इंटरनेटवरून आणतातच. पहिल्या प्रयोगात नट मेला वगैरे किश्श्यांना पुरावा नाही. एका वाक्यात सांगून पुढे जा.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. आलेख आणि 'तू-तुम्ही' नक्की करणार. अजून तीन अडचणी आहेत.

एक, खंजीर आणि रक्त. वर्गात प्लॅस्टिकची सुरी आली की हसू फुटतं आणि प्रवेश गेला.

दोन, मेजवानीतलं भूत, म्हणजे मॅकबेथने मारवलेला बँको. कुणाला तरी बसवायचं की खुर्ची रिकामी ठेवायची?

तीन, ४.२ मध्ये लहान मुलाचा खून आहे आणि शेवटी लेडी मॅकबेथचा मृत्यू आत्महत्येसारखा. या वयासमोर हे कसं हाताळायचं? गाळावं का?

मधली ओळ

प्लॅस्टिकची सुरी लागतच नाही. २.१ मध्ये दिसणारा खंजीर हवेत आहे, म्हणजे सामानाची गरज शून्य. खरा खंजीर एकच, तो स्वतःचा उपसतो तो, आणि तिथे फूटपट्टी पुरते. खरं काम नजरेचं आहे. नजर ठरवून दिली नाही तर मुलगा कधी छताकडे बघतो, कधी कागदाकडे, आणि बघणाऱ्यांना काहीच दिसत नाही. तीन जागा ठरवा. पहिली डोळ्यांसमोर हातभर अंतरावर, मूठ हाताकडे. दुसरी दाराच्या दिशेने, कारण तो म्हणतो की मी जिकडे निघालो होतो तिकडेच तू मला नेतो आहेस. तिसरी पुन्हा जवळ, आता पात्यावर रक्त. भिंतीवर खडूची खूण करून ठेवली तर दुसरी जागा चुकत नाही. 'असं काहीच नाही' म्हणताना नजर सोडायची, मग घंटा. घंटा वाजवणारा वेगळा आणि वर्गाबाहेर हवा. आतून वाजवली की परिणाम अर्धा होतो.

२.२ मध्ये खून दिसतच नाही, हे मुलांना आधी खटकतं. ते खटकणं उपयोगी आहे. 'दाखवला का नसेल?' असं विचारा, पण प्रवेश करून झाल्यावर. प्रवेश असा करा: दोघं खोलीच्या दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ, सगळं कुजबुजत. 'तू बोललास का?' 'केव्हा?' 'आत्ता.' 'उतरताना?' अशा एकेका शब्दाच्या ओळी आहेत. मधे थांबायचं नाही, एकाचं संपायच्या आत दुसऱ्याने सुरू करायचं. पहिल्या वेळी मुलं हमखास सावकाश आणि भाव ओतून वाचतात. तसं केलं की भीती निघून जाते. दार ठोठावण्याचं काम एकाला द्या. संहितेत 'नॉक' ही रंगसूचना जिथे आहे तिथेच ठोकायचं, अंदाजाने नाही. ठोका वाक्याच्या मागून आला तर तो नुसता आवाज होतो. रक्त दाखवायचंच नाही. दोघांनी हात अंगापासून दूर, बोटं पसरून धरले तरी पुरे. मॅकबेथच्या हातात दोन फूटपट्ट्या राहिल्या आहेत, हे बघणाऱ्यांच्या लेडी मॅकबेथच्या आधी लक्षात यायला हवं. खंजीर तिथेच ठेवायचे होते. ही त्याची पहिली चूक, आणि ती सावरायला तीच पुन्हा आत जाते.

भूत: दोन्ही करून बघा, लागोपाठ. पहिल्या छापील संहितेत, म्हणजे १६२३ च्या फोलिओत, बँकोचं भूत येऊन मॅकबेथच्या जागेवर बसतं अशी स्पष्ट सूचना आहे. १६११ मध्ये ग्लोब नाट्यगृहात हे नाटक पाहिलेल्या सायमन फॉरमनने भूत खुर्चीवर येऊन बसल्याचं टिपून ठेवलंय. म्हणजे तेव्हा नट बसत होता. आधी एकाला बसवून करा, मग तोच प्रवेश रिकाम्या खुर्चीने. बाकीचे सगळे पाहुणे. नट बसला की प्रेक्षक मॅकबेथच्या डोळ्यांनी बघतो. खुर्ची रिकामी असली की पाहुण्यांच्या डोळ्यांनी बघतो आणि राजा वेडा वाटतो. कोणती बाजू घ्यायची ते वर्गाला ठरवू द्या आणि कारण लिहून घ्या. भूत झालेल्याने काही करायचं नाही, तोंड वेडंवाकडं करायचं नाही, नुसतं बघत राहायचं. चेहऱ्याचे खेळ सुरू झाले की हसू येणारच.

४.२ गाळू नका. मॅकडफ आधीच पळालेला आहे, त्याच्या बायकामुलांना मारून मॅकबेथच्या हाती काहीही लागत नाही. डंकनला मारण्यात हिशोब होता, बँकोला मारण्यात धास्ती होती, इथे दोन्ही नाही. आलेखाची रेघ इथपर्यंत आणली तर मुलांना दिसतं की आता 'ठरवणं' हा टप्पाच राहिलेला नाही. ४.२ गाळलं तर ४.३ मधल्या मॅकडफच्या आक्रोशाला आधार उरत नाही. मात्र खून करून दाखवायचा नाही. आई आणि मुलाचा संवाद पूर्ण वाचा (तो मुलगा हुशार आहे, त्याची उत्तरं वर्गाला आवडतात), मारेकरी आत आले की पुस्तक मिटायचं आणि थेट रॉस बातमी आणतो त्या जागेवर जायचं. आदल्या दिवशी वर्गाला सांगून ठेवा की उद्याच्या भागात लहान मुलाचा मृत्यू आहे. ज्याला वाचनात भाग घ्यायचा नसेल त्याने कारण न देता नुसतं ऐकावं.

लेडी मॅकबेथबद्दल संहिता काय म्हणते तेवढ्यापुरतंच राहा. ५.५ मध्ये आतून बायकांचा आकांत आणि मग बातमी. अगदी शेवटी माल्कम म्हणतो की तिने स्वतःच जीव घेतला असं म्हणतात. कसं, ते कुठेही नाही, म्हणून ते कल्पनेनेही भरू नका, कुणाला भरू देऊ नका. 'तिला शिक्षा मिळाली' असं वाक्य वर्गात आलं तर तिथेच थांबवा: ५.१ मधला वैद्य तिच्याकडे रोगी म्हणून बघतो, गुन्हेगार म्हणून नाही. वर्गात कुणी या भागात गप्प गप्प झालेलं दिसलं तर तासिकेनंतर त्याच्याशी एकट्याने बोला आणि शाळेत समुपदेशक असतील तर त्यांनाही आधीपासून कल्पना देऊन ठेवा.

५.१ चा एक सोपा आणि फार चांगला व्यायाम आहे. झोपेत चालताना ती आधीच्याच प्रवेशांतले तुकडे बोलते. चिठ्ठ्या करा: एका रंगावर २.२ आणि ३.२ मधली वाक्यं, दुसऱ्या रंगावर ५.१ मधली. 'थोड्या पाण्याने हे धुऊन निघेल' याची जोडी 'हे हात कधी स्वच्छ होणारच नाहीत का?' 'झालं ते झालं' याची जोडी 'झालं ते आता पुसता येत नाही'. दारावरचे ठोके दोन्हीकडे. अशा पाच-सहा जोड्या पुरतात. जोड्या लागल्या की विचारा, आधी पद्यात बोलणारी बाई इथे गद्यात का बोलते?

४.२ च्या आधी, ४.१ मध्ये, स्त्रीच्या पोटी जन्मलेल्या कुणाच्याही हातून मरण नाही आणि रान चालून आल्याशिवाय पराभव नाही, ही दोन भाकितं समजावायला फार शब्द लागत नाहीत. हिरण्यकशिपूचा वर मुलांना ठाऊक असतो: ना दिवसा ना रात्री, ना घरात ना बाहेर, ना माणसाकडून ना पशूकडून. पळवाट कशी निघते ते ती लगेच ओळखतात. फरकही त्यांच्याकडूनच काढून घ्या. हिरण्यकशिपूने अटी स्वतः घातल्या होत्या. मॅकबेथला त्या कुणीतरी ऐकवल्या आणि त्याला हवं तेवढंच त्याने ऐकलं. 'नरो वा कुंजरो वा' हेही इथे चपखल बसतं: शब्द खरा, ऐकणाऱ्याची समजूत खोटी.

खडूफळा

शेवटचं विचारतो. मूल्यमापनासाठी काय द्यावं? 'महत्त्वाकांक्षेचे परिणाम स्पष्ट करा' हा प्रश्न देणार नाही, एवढं नक्की.

विंगेतून

कापायला द्या. १.७ चं अठ्ठावीस ओळींचं स्वगत प्रयोगासाठी बारा ओळींत बसवायचं. नवा शब्द घालायचा नाही, ओळींचा क्रम बदलायचा नाही. खाली शंभर-सव्वाशे शब्दांत लिहायचं की काय गेलं आणि ते गेल्याने मॅकबेथ कसा वेगळा दिसतो. यजमानपणाची ओळ कापली तर एक माणूस उरतो, 'धडा उलटेल' हा भाग कापला तर दुसरा. पाठांतर किंवा तयार उत्तरं इथे चालत नाहीत, कारण प्रत्येकाच्या बारा ओळी वेगळ्या असतात. गुण ओळींच्या निवडीला नाहीत, समर्थनाला.

दुसरा प्रश्न २.४ मधून, वर्गात मुद्दाम न वाचलेला. रॉसचं ते वाक्य आणि त्याच्या आधीच्या सात-आठ ओळी छापून द्या आणि विचारा: हा शब्द इथे कुणाबद्दल आहे, बोलणाऱ्याला काय ठाऊक आहे, आपल्याला काय ठाऊक आहे? पंधरा मिनिटं द्या. ओळक्रमांक छापू नका. गद्य आलं की आवृत्तीगणिक क्रमांक बदलतात आणि घरी दुसरी प्रत असलेली मुलं भलतीकडे शोधत बसतात. प्रवेश आणि ओळीचे पहिले तीन शब्द द्या, तेवढ्यावर सापडतं.

आणि पहिल्या तासिकेनंतर घरून लिहून आणलेलं 'तो का दचकला' हे एक वाक्य जपून ठेवा. आठव्या तासिकेला ज्याचं त्याला परत द्या आणि त्याच कागदावर, त्याखाली, पुन्हा लिहायला सांगा.